शेतं मोडून लेआउट पडले, तर पुढे पाणी कुठे शिरेल हे आधी सांगता येतं का?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावालगत वावरं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडतायत, पाऊसही बदललाय, तर पुढच्या 20 वर्षांत कोणता भाग बुडेल हे आधी काढता येतं का, आणि तिथे प्लॉट घ्यावा का.

जागा बऱ्यापैकी सांगता येते. वर्ष आणि दिवस नाही सांगता येत. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, शेततळी आणि नाला खोलीकरणाच्या मोजणीची कामं करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

लेआउट पडला की पाणी मुरत नाही, हे सगळेच सांगतात. आपल्या भारी काळ्या मातीत मात्र ते अर्धंच खरं आहे. पाणी किती वाहून जाईल हे काढायची 'कर्व्ह नंबर' नावाची जुनी पद्धत आहे, अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने 1950 च्या दशकात बसवलेली. जमीन कशी आहे त्यावर 100 पर्यंतचा आकडा द्यायचा, आकडा जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहणार. बरी राखलेली, उताराला आडवी पेरलेली काळी जमीन 86 धरा, दाट वस्तीचा लेआउट 92 धरा. 25 मिमी पाऊस पडला तर वावरातून साधारण 5 मिमी वाहतो, लेआउटमधून 10. म्हणजे दुप्पट. पण 100 मिमी पडला तर वावरातूनच 63 मिमी वाहतो आणि लेआउटमधून 78. जेमतेम पाव पट जास्त.

याचं कारण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जूनमध्ये भेगाळलेली काळी पहिला पाऊस गटागटा पिते. श्रावणात आठवडाभर झड लागून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी घेईनाशी होते. म्हणून दरवर्षी गुडघाभर तुंबणारं पाणी जमिनीचा वापर बदलल्यामुळे वाढतं. मोठ्या पुरात मात्र पाण्याला वाट किती उरली आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आणि वाट आपण फार वाईट बुजवतो आहोत. माझ्या आत्याचं घर अशाच एका लेआउटमध्ये आहे. तिथे पूर्वी नाला होता, पावसाळ्यात बैलगाडी थांबवणारा. प्लॉट पाडणाऱ्याने तो सरळ करून नालीएवढा केला आणि रस्त्याखाली तीन फुटी एकच पाइप टाकला. वरच्या 40 एकरांवरचं पाणी आधी धुऱ्याधुऱ्याला (बांधाबांधाला) अडत, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या सऱ्यांतून रेंगाळत यायचं. आता ते सिमेंटच्या नालीतून एकदम पाइपाच्या तोंडाशी येतं, आणि त्या तोंडात पालापाचोळा अडकलेला असतो. दोन वर्षांत दोनदा आत्याच्या कोठीतला गहू भिजला. तिचा प्लॉट एरवी कोरडाच, दोष वरच्या अंगाला होता. म्हणून प्लॉट बघायला गेलात की आधी प्लॉटकडे पाठ करून चढाकडे बघा.

आता पाऊस. मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना 1950 ते 2015 या काळात जवळपास तिप्पट झाल्याचं हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं. हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे त्यामागचं मूळ भौतिकशास्त्र. पण छोट्या नाल्याला दिवसाचा आकडा कळत नाही. महसूल खात्यात दिवसाला 65 मिमी पडला की अतिवृष्टी धरतात. तोच पाऊस दिवसभर रिपरिपला तर नाला शांत वाहतो, तासाभरात कोसळला तर घरात येतो. नागपुरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांतच 100 मिमीहून जास्त पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. भविष्याचे हवामान-अंदाज बहुतेक मोठ्या चौकटींचे असतात, तासाचा पाऊस त्यांत नीट उतरत नाही. म्हणून एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आजचा पाऊस, 20 टक्के जास्त, 40 टक्के जास्त, असे तिन्ही हिशेब करून बघावेत.

जमीनवापराचा अंदाज उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांवरून करतात: कोणत्या जागेचं काय झालं आणि शेजारी काय आहे, त्यावरून पुढची शक्यता. हे ठीक चालतं, मोठा रस्ता येईपर्यंत. 2000 आणि 2010 चे नकाशे शिकलेल्या मॉडेलला समृद्धी महामार्ग कुठून कळणार? आणि रस्त्याचा भराव म्हणजे पाण्यासाठी बांधच. म्हणून कोणी अहवाल दाखवला तर एकच विचारा: जुन्या नकाशांवरून 2024 चा अंदाज काढून तो खऱ्या 2024 शी ताडून पाहिला का?

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांचंही तसंच. त्यांचा एक चौकोन 30 मीटरचा, त्यात 30 बाय 50 फुटांचे सहा प्लॉट मावतात, आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. घरात पाणी शिरायला दोन फूट पुरतात. त्यापेक्षा डम्पी लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) लावून अर्ध्या दिवसात काढलेली पातळी कितीतरी भरवशाची.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनीही निश्चिंत होऊ नका. दरवर्षी 1 टक्का शक्यता म्हणजे 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता 18 टक्के. तीही पाऊस बदलला नाही असं धरून.

वयस्क माणसांना जरूर विचारा. वर्धा नदीच्या पुराने 30 जुलै 1991 ला नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेवर माणसं गेली. आमच्याकडचे म्हातारे आजही त्या वर्षाच्या पाण्याची खूण भिंतीवर हात ठेवून दाखवतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा, त्यांनी पाहिलेला नाला आणि आजचा नाला एक नाही.

तुमच्या प्लॉटच्या वर किती एकराचं पाणी येतं, त्यातलं किती एनए झालंय आणि खालच्या पुलियाचा पाइप किती फुटी आहे, या तीन गोष्टी मोजून इथेच कळवा. वरचे गट नंबर तलाठ्याकडे मिळतील. घाईने इसार देऊ नका, पुढचा हिशेब मी मांडून देतो.