ब्रिटिश वृत्तपत्रांचा राजकीय कल कसा ओळखायचा?

ब्रिटनमधलं कोणतं वृत्तपत्र डावं, कोणतं उजवं आणि ते वाचताना ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

ढोबळमानाने सांगायचं तर टेलिग्राफ, मेल आणि एक्सप्रेस उजवे. टेलिग्राफला तर लोक चेष्टेने ‘टोरीग्राफ’च म्हणतात (टोरी म्हणजे उजवा हुजूर पक्ष). टाइम्सही उजवीकडचाच, पण सौम्य. गार्डियन डावीकडे. मिरर १९४५ पासून डाव्या मजूर पक्षाच्या पाठीशी आहे. फायनान्शियल टाइम्स उद्योगजगताच्या बाजूने असला तरी २०२४ च्या निवडणुकीत त्याने मजूर पक्षालाच कौल दिला.

मालकावरून अंदाज बांधू नका, फसाल. मिरर आणि एक्सप्रेस २०१८ पासून एकाच कंपनीचे आहेत, तरी भूमिका अजून वेगळ्याच. ‘द सन’ हे पत्र माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉकच्या कंपनीचं. या सनने १९९२ मध्ये हुजूर पक्षाच्या विजयाचं श्रेय स्वतःकडे घेतलं, १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या ब्लेअरना पाठिंबा दिला, २००९ मध्ये पुन्हा हुजूर पक्षाकडे वळला आणि २०२४ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी मजूर पक्षाकडे. २०१५ मध्ये तर कहरच! लंडनचा सन हुजूर पक्षाच्या कॅमेरनच्या मागे आणि त्याच दिवशी स्कॉटिश सन एसएनपीच्या (स्कॉटिश नॅशनल पार्टी) मागे. माझ्या मते सन वाऱ्याची दिशा बघून उडी मारतो. त्याला विचारसरणी चिकटवत बसू नका.

हमखास चूक होते ती रविवारच्या अंकांबाबत. तिथे संपादक वेगळा, मतंही वेगळी असू शकतात. युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात मेल बाहेर पडा म्हणत होता, मेल ऑन संडे राहा म्हणत होता. टाइम्सचं नेमकं उलट: रोजचा ‘राहा’, रविवारचा ‘बाहेर पडा’.

ओळखायचं असेल तर आधी अग्रलेख वाचा. निवडणुकीच्या तोंडावर बहुतेक पत्रं कुणाला मत द्यायचं ते उघड लिहितात, त्यात आडपडदा नसतो. टीव्ही-रेडिओला ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेचे निःपक्षपातीपणाचे नियम लागू आहेत, छापील वृत्तपत्रांना नाहीत.

मग एकच बातमी घ्या आणि दोन-तीन पत्रांत शेजारी शेजारी ठेवून पाहा. ३ नोव्हेंबर २०१६ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया संसदेच्या मंजुरीशिवाय सुरू करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मेलच्या पहिल्या पानावर तीन न्यायमूर्तींचे फोटो आणि खाली ‘जनतेचे शत्रू’. टेलिग्राफचा मथळा ‘न्यायाधीश विरुद्ध जनता’. निकालात मुळात ‘जनता’ हा मुद्दाच नव्हता, प्रश्न होता सरकारचे आणि संसदेचे अधिकार कुठवर याचा. मथळ्यात कोणाला कोणाविरुद्ध उभं केलंय, पहिली प्रतिक्रिया कोणाची घेतलीय आणि दुसरी बाजू कितव्या परिच्छेदात येते, एवढं तपासलंत तरी कल कळतो.

सुरुवात गार्डियन आणि टेलिग्राफ या जोडीने करा. गार्डियन फुकट वाचता येतो, टेलिग्राफच्या बहुतेक मजकुराला वर्गणी लागते. पण फरक शोधायचा तर मथळे आणि पहिल्या दोन-चार ओळीही पुरतात.