अमेरिकेत काउंटीच्या (स्थानिक सरकारच्या) नोकरीत पाळणाघराच्या खर्चासाठी डिपेंडंट केअर एफएसए (सांभाळाच्या खर्चाचं करमुक्त खातं) घ्यावा का?

पती-पत्नी दोघेही कमावते असाल आणि मूल 13 वर्षांखालचं असेल, तर जरूर घ्या. यात पगारातून कर कापण्याआधीच रक्कम बाजूला पडते. 2026 पासून कायद्याची मर्यादा एका कुटुंबाला 7,500 डॉलर आहे (आधी 5,000), पण काउंटीने स्वतःच्या योजनेत तेवढी वाढ केली आहे का, हे एचआरला विचारा. आयकराच्या 22 टक्क्यांच्या पट्टीत 7,500 वर फेडरल आयकरच 1,650 डॉलर वाचतो.

लोक फसतात ते इथे. आरोग्याच्या एफएसएसारखी पूर्ण रक्कम जानेवारीत मिळत नाही. खात्यात जमा झालं तेवढंच परत मिळतं. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने पाळणाघराचे पैसे खिशातून भरायची तयारी हवी. वर्षअखेर उरलेली रक्कम पुढच्या वर्षात जात नाही, फार तर योजनेत असेल तर ती खर्च करायला अडीच महिन्यांची जादा मुदत मिळते. म्हणून खर्चाचा आकडा थोडा कमीच धरा. नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते.

या खात्यातून डे कॅम्पचा (मुलांच्या दिवसभराच्या शिबिराचा) खर्च चालतो, रात्रीच्या मुक्कामाच्या कॅम्पचा नाही. बालवाडी चालते, पण किंडरगार्टनपासून पुढची शाळेची फी नाही.

कर विवरणपत्रासोबत भरायच्या फॉर्म 2441 वर सांभाळणाऱ्याचा कर क्रमांक द्यावा लागतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीला पैसे देऊन ते इथे दाखवू नका. त्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. आणि एफएसएत पूर्ण 7,500 घेतले की त्याच फॉर्मवरची वेगळी करसवलत उरत नाही.