आजोबांची जुनी बीएसए .22 टार्गेट रायफल मूळची किती आणि नंतर बदललेली किती, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की रायफल .22 ची (म्हणजे नळीचं भोक साधारण 0.22 इंचाचं) आहे, खालचा लिव्हर ओढला की उघडते, बाजूला बीएसए कोरलंय, घरात सगळे पहिल्या महायुद्धातली म्हणतात आणि मागची साईट (नेम धरायचा भाग) मात्र नंतरची वाटते. मी पण नागपूरचाच, नेमबाजी करतो, अशा लिव्हरवाल्या रायफली हातात घेतल्यात, म्हणून सांगतो, घरची गोष्ट जरा बाजूला ठेवा आणि लोखंडावर काय लिहिलंय ते बघा. त्याआधी लिव्हर उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे याची खात्री करा, हे सगळ्यात पहिले.

लिव्हरवाली म्हणजे मार्टिनी अ‍ॅक्शन, अ‍ॅक्शन म्हणजे रायफल उघडायची-बंद करायची मधली यंत्रणा. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी, तिने या .22 टार्गेटसाठीच बनवल्या, मॉडेल 12 महायुद्धाच्या थोडं आधी आलं, मार्टिनी इंटरनॅशनल थेट 1950 मध्ये, म्हणजे लढाईत नेलेली वगैरे नसणार. पण अ‍ॅक्शनवर कांगारूचा शिक्का असला तर ती मुळात ऑस्ट्रेलियाच्या कॅडेट पोरांसाठीची .310 ची, नंतर कोणीतरी .22 करून घेतलेली.

आता बॅरल अ‍ॅक्शनला जुळतं तिथे भिंग लावा. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशा वेगवेगळ्या खुणा असतील तर ती बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसची (बंदुकीची ताकद तपासून शिक्का मारणारी संस्था) जुनी पद्धत, मुकुटाखाली एकत्र बीएनपी असेल तर 1950 च्या दशकाच्या मध्यानंतरची. अ‍ॅक्शन जुनी आणि बॅरलवर बीएनपी, असं दिसलं तर बॅरल बदललंय किंवा परत प्रूफला गेलंय. मला हाच पुरावा सगळ्यात पक्का वाटतो, कारण साईट, दस्ता कोणीही बदलतो पण प्रूफची खूण कोणी घरी मारत बसत नाही.

मग टॉर्चने बॅरलचं तोंड बघा, भोकाभोवती केसाएवढी बारीक रिंग असली तर आत लायनर, म्हणजे नवीन पातळ नळी, बसवलाय, आणि बॅरलवर पार्कर-रायफल्ड लिहिलं असेल तर ते पार्कर-हेल या कंपनीचं काम. त्यांची अ‍ॅपर्चर साईट (बारीक भोकातून बघून नेम धरायची) बीएसएवर दिसणं एकदम नॉर्मल आहे, नंतरची असली तरी काढू नका. अ‍ॅक्शनच्या अंगाला बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली तर तिथे आधी दुसरी साईट होती. अक्षरांच्या कडा गोल झाल्यात, भोकांचे काठ खोलगट आहेत, म्हणजे कोणीतरी बफ मारून नवीन ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) केलंय.

दस्ता मूळचा अक्रोडाचा असतो. सागवानी किंवा शिसवी निघाला तर तो इकडच्याच सुताराने केला असणार. पण लाकूड न लोखंडाच्या मध्ये नुसती फट दिसली म्हणून दस्ता बदललाय असं समजू नका, आपल्याकडच्या 45 डिग्रीत जुनं लाकूड आकसतंच.

आणि प्लीज पॉलिश करू नका, नंबरला तर हातच लावू नका, नंबर किंवा शिक्का घासणं आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 8 प्रमाणे गुन्हा आहे. प्रूफच्या खुणांचे, अ‍ॅक्शनच्या दोन्ही बाजूंचे आणि बॅरलच्या तोंडाचे फोटो टाका, नंबर झाकून, म्हणजे मॉडेल नक्की सांगतो.