एएस/४०० वरचं काम लिहून ठेवायचं तर एंटरच्या आधीचा पडदा पकडा

तुमचा प्रश्न असा आहे: कंपनीत एएस/४०० वर (आयबीएमचा कंपन्यांसाठीचा जुना संगणक) जुनी सिस्टीम चालते, ती रोज हाताळणारे दोघे वर्षभरात निवृत्त होतायत, आणि त्यांचं काम पायरीपायरीने लिहून काढायचंय. तर प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट काढत बसावं लागेल का?

नाही, बसूच नका. चाकणच्या एका कारखान्यात हे काम मी केलंय आणि सुरुवात स्क्रीनशॉटनेच केली होती. समोरचा माणूस एन्ट्री करतोय आणि मी दर मिनिटाला "काका, जरा थांबा" म्हणतोय. असं अडवलं की माणूस रोजच्यासारखं काम करत नाही, आपल्याला दाखवण्यापुरतं नीटनेटकं करतो. आपल्याला तर त्याचं रोजचंच काम हवं असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. ५२५० टर्मिनलवर, म्हणजे एएस/४०० च्या अक्षरी पडद्यावर, टाइप केलेलं अक्षर लगेच मशीनकडे जात नाही. रकाने भरून एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबली की सगळं एकदम जातं आणि पुढचा पडदा येतो. मेनफ्रेमच्या (आयबीएमच्या मोठ्या संगणकाच्या) ३२७० टर्मिनलचंही तसंच. नवा पडदा आला की जुना गेला. लिनक्सच्या शेलसारखं (कमांड टाइप करायची खिडकी) वर सरकवून मागचं बघता येत नाही. म्हणून दर पायरीला भरलेला पडदा, दाबलेली की आणि त्यावर आलेलं उत्तर, हे तिन्ही हवं. नुसते आलेले पडदे साठवले तर रकाने रिकामे दिसतात, आणि कुठला कोड कुठे टाकला हे कळतच नाही.

तुमच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे पीसीवर टर्मिनलचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्क्रीन हिस्टरीची (मागचे पडदे साठवायची) सोय आहे का ते पाहा. रिफ्लेक्शन नावाच्या एम्युलेटरमध्ये आहे, काम चालू असताना पडदे मागे आपोआप साठतात आणि नंतर निवडून वर्डमध्ये पाठवता येतात. फुकटचं हवं तर एक्स३२७० मध्ये पडदे फाइलमध्ये नोंदवता येतात, पण ते मेनफ्रेमसाठी. काहीच नसेल तर ५२५० ची प्रिंट की आहेच. ती दाबली की पडद्याची स्पूल फाइल (छपाईसाठी मशीनवर साठणारी फाइल) होते, वर तारीख, वेळ, युजर आणि डिस्प्लेचं नाव येतं. एंटरच्या आधी एकदा प्रिंट, एवढी सवय काकांना लावली तरी पुरे. शिवाय हा मजकूर असतो, चित्र नाही. सहसा २४ ओळी, ओळीला ८० अक्षरं. पुढे 'जीआरएन' (माल आवक पावती) शोधलं की सापडतं.

लिनक्स सर्व्हरवरचं काम असेल तर स्क्रिप्ट ही पडद्यावरचं सगळं नोंदवणारी कमांड वेळेच्या फाइलसह चालवा आणि स्क्रिप्टरिप्लेने परत बघा. पूर्ण पडदाभर मेन्यू असेल तर ती फाइल नुसती उघडून वाचता येत नाही, कर्सर हलवणारे कोड मधे येतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्या स्टोअर्समधल्या काकांनी माल आवक नोंदवायच्या ९ पायऱ्या सांगितल्या होत्या. हिस्टरीत १४ पडदे निघाले. शेवटच्या पडद्यावर ते एकूण रक्कम बघायचे, एफ१२ दाबून मागे जायचे, चलनाशी ताडून पाहायचे, आणि मगच पुन्हा पुढे येऊन एंटर दाबायचे. सांगताना हे त्यांनी गाळलं होतं, कारण त्यांच्या लेखी ती पायरीच नव्हती, हाताची सवय होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एंटर मारलं की नंबर पडतो रे. मग रद्द करायला अकाउंट्सच्या साहेबांची सही लागते." हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आणि धास्तीही: हिस्टरी काढली नसती तर हे त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

म्हणून पडदे गोळा झाले की त्याच दिवशी, चहा घेत, छापील गठ्ठा समोर ठेवून त्यांच्याशी बोला. जिथे ते मागे गेले, जिथे रकाना मुद्दाम रिकामा सोडला, जिथे तांबड्या अक्षरातला इशारा आला तरी पुढे गेले, तिथे तिथे 'का' विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत पडद्याखाली लिहा. दोन-चार दिवस गेले की तेही विसरतात. महिनाअखेरीचं काम वेगळं असतं, ते वेगळं पकडा.

एक काळजी घ्याच. पासवर्डचा रकाना पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे तो पडद्याच्या प्रतीतही येत नाही. पण पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक, कामगाराचा पॅन, आधार हे सगळं जसंच्या तसं येतं. शक्य असेल तर टेस्ट लायब्ररीवर (चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या डेटावर) करून घ्या. नाहीतर वाटण्याआधी ते आकडे खोडा, आणि मूळ फाइल सगळ्यांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये टाकू नका. रेकॉर्डिंग चालू आहे हे त्या दोघांना आधी सांगा. लपून केलं तर पुढे ते तोंड उघडणार नाहीत.

कागद तयार झाला की नव्या मुलाला तो देऊन टेस्टवर एकट्याला बसवा. काकांना शेजारी बसवा, पण बोलू देऊ नका. तो जिथे अडेल तिथे खूण करा आणि तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड करा.