मोहफुलं वेचताना वाघ-अस्वलापासून जपायचं कसं?

प्रश्न : आमचं गाव ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जातात. काय काळजी घ्यावी?

उत्तर : अंधारात जाऊच नका. फुलं रात्रभर गळतात आणि अस्वलंही ती खायला झाडाखाली येतात. उजाडल्यावर चार-पाच जणींनी बोलत जावं. वाकून वेचणारं माणूस वाघाला चौपायी जनावरासारखं दिसतं, म्हणून एकीनं उभं राहून नजर ठेवायची, विशेषतः नाल्याकडं आणि बांबूच्या रांजीकडं (बेटाकडं). उन्हाळ्यात वाघ तिथंच गारव्याला बसतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका, वणवा तिथूनच पेटतो. जाळी किंवा जुनं लुगडं अंथरा, वाकणंही कमी होतं. वाघ दिसलाच तर पळू नका, बसू नका. त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरका.