अमेरिकेतल्या नव्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचे सामाजिक सिनेमे पाहायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की 'ब्लॅक पँथर' आणि 'मूनलाइट' पाहून झालेत, आता मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर राहून काम करणाऱ्या नव्या लोकांचं काही सुचवा, फक्त प्रचारकी नको. मी आधी दोनच नावं सांगेन: चिनोन्ये चुक्वू यांचा 'क्लेमन्सी' आणि गॅरेट ब्रॅडली यांचा 'टाइम'. बाकीचे नंतर बघा.

'क्लेमन्सी' (2019) ही एका तुरुंग अधीक्षिकेची गोष्ट आहे. मृत्युदंड नियमाप्रमाणे पार पाडणं हे तिचं काम. सिनेमाच्या सुरुवातीलाच विषाचं इंजेक्शन द्यायला कैद्याची शीर सापडत नाही. हातात सापडत नाही म्हणून सुई शेवटी जांघेपर्यंत जाते, पलीकडे साक्षीदार ताटकळलेले, आणि अधीक्षिकेला चेहरा कोरा ठेवून तिथं उभं राहायचं असतं. कुणी भाषण करत नाही. घरी आल्यावर तिला झोप लागत नाही, नवऱ्याशी बोलणं जमत नाही. शेवटाकडे कॅमेरा कितीतरी वेळ अल्फ्री वुडार्ड यांच्या चेहऱ्यावरून हलतच नाही. अभिनय म्हणून एवढं एक दृश्य पाहिलंत तरी चालेल.

2011 साली जॉर्जिया राज्यात ट्रॉय डेव्हिसला मृत्युदंड दिला गेला. तो देऊ नका, असं काही निवृत्त तुरुंग अधिकाऱ्यांनीही कळवलं होतं. या कामाचा त्या माणसांवर काय परिणाम होत असेल, या प्रश्नातून चुक्वू यांना हा विषय सुचला. मग त्यांनी कैदी स्त्रियांच्या दयेच्या अर्जांवर काम केलं, ओहायोतल्या स्त्रियांच्या तुरुंगात लघुपट करायला शिकवलं. सिनेमात जो खरेपणा जाणवतो तो तिथून आलाय. याच सिनेमासाठी सनडान्स महोत्सवात अमेरिकी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

'टाइम' (2020) माहितीपट आहे, आणि मला तो 'क्लेमन्सी'पेक्षाही जास्त जवळचा वाटतो. लुइझियानात फॉक्स रिच आणि तिचा नवरा रॉब यांनी पैशाच्या अडचणीत दरोडा घातला. गुन्हा केला हे ती स्वतः सांगते. तिला साडेतीन वर्षांत बाहेर येता आलं, त्याला साठ वर्षांची शिक्षा झाली. ती मुलांना वाढवते, त्याच्या सुटकेसाठी धावते, आणि नवरा आल्यावर त्याला दाखवता यावं म्हणून घरातलं सगळं छोट्या कॅमेऱ्यात टिपून ठेवते. ब्रॅडली खरं तर एक लघुपट करायला गेल्या होत्या. शूटिंग संपत आल्यावर फॉक्सने साधारण शंभर तासांच्या टेपा त्यांच्या हातात ठेवल्या आणि त्यातून हा पूर्ण लांबीचा सिनेमा झाला.

यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. फॉक्स न्यायाधीशांच्या कार्यालयात फोन लावते: निकाल लिहून झाला का? ती अगदी अदबीनं विचारते, उत्तर नाही मिळालं तरी आभार मानते, फोन ठेवते. आणि मग इतका वेळ दाबून धरलेला संताप बाहेर येतो. कोर्टकचेरीत ज्याचं कुणी अडकलंय त्याला तो आवाज लगेच ओळखू येईल. तुरुंगाचं आतलं दृश्य जवळजवळ न दाखवता तुरुंग म्हणजे काय ते हा सिनेमा सांगतो.

यानंतर ए. व्ही. रॉकवेल यांचा 'अ थाउजंड अँड वन' (2023) घ्या. तुरुंगातून सुटलेली एक तरुणी सरकारी देखरेखीखालच्या मुलाला पळवून आणून हार्लेममध्ये वाढवते. 1994 पासून पुढची दहाएक वर्षं वस्ती बदलत जाते. पोलीस पोरांना रस्त्यात अडवून झडत्या घेतात, नवा घरमालक गोड बोलत येतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली घर राहण्याजोगं ठेवत नाही. निक्यातू जुसू यांचा 'नॅनी' (2022) भयपटाच्या अंगानं जातो. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याचं मूल सांभाळणारी सेनेगलची आई, आणि तिचं स्वतःचं मूल मागे राहिलेलं. मला तो शेवटी थोडा घाईत आवरल्यासारखा वाटला, पण अ‍ॅना डिऑप यांच्यासाठी जरूर पाहा.

आता एक गोष्ट, जी अशा याद्यांत सहसा येत नाही. या दिग्दर्शकांची खरी लढाई सिनेमा काढून झाल्यावर सुरू होते. चार्ल्स बर्नेट यांनी 1970च्या दशकात लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, शनिवार-रविवारी शूटिंग करत, दहा हजार डॉलरच्या आत 'किलर ऑफ शीप' पूर्ण केला. गाण्यांचे हक्क सुटले नव्हते, म्हणून तो रीतसर थिएटरात लागायला 2007 उजाडलं. हायले गेरिमा यांच्या 'संकोफा'ला (1993) वितरक मिळेना, तर त्यांनी स्वतः थिएटरं भाड्यानं घेऊन तो शहरोशहरी दाखवला. हे पाहूनच दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांचं काम मला फार मोठं वाटतं. 2010 मध्ये त्यांनी स्वतःची वितरण संस्था काढली, आज ती 'अ‍ॅरे' (ARRAY) नावानं ओळखली जाते. फिलिप यूमन्सने शाळेत असतानाच, सतराव्या वर्षी लुइझियानात 'बर्निंग केन' शूट करायला घेतला. एकोणिसाव्या वर्षी ट्रायबेका महोत्सवाचा मुख्य पुरस्कार मिळाला, आणि तो सिनेमा लोकांपर्यंत नेला तो याच संस्थेनं. 2021 मध्ये 'संकोफा' पुन्हा आणला तोही तिनंच.

डुव्हर्ने आता नवोदित नाहीत, पण मराठी माणसानं त्यांचा 'ओरिजिन' (2023) चुकवू नये. अमेरिकेतला वंशभेद आणि आपली जातव्यवस्था शेजारी ठेवून पाहणाऱ्या इझाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट' या पुस्तकावर तो आधारलाय, त्यात बाबासाहेब आहेत, आणि जातीचे अभ्यासक, नांदेडचे सूरज एंगडे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. स्टुडिओऐवजी फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांच्या पैशांवर तो उभा राहिला. बाबासाहेबांचा भाग अजून मोठा हवा होता असं मला मनापासून वाटतं.

'टाइम' प्राइम व्हिडिओचाच आहे, तो तिथं बघा. जमलं तर सबटायटल्स लावून बघा, कारण लुइझियानाची बोली पहिल्या फटक्यात कानाला लागत नाही.