स्पेक्ट्रोस्कोपीचे परदेशी मास्टर्स: नाशिकमधून तयारी करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये एमएस्सी ऑरगॅनिकचे दुसरे वर्ष चालू, बीएस्सीला सीजीपीए ७.८, युरोपात स्पेक्ट्रोस्कोपीचे (पदार्थाचा प्रकाशाशी होणारा व्यवहार मोजण्याच्या शास्त्राचे) मास्टर्स करायचे आहे. गुण पुरतील का, आणि हातात असलेल्या वर्षभरात काय करावे?

गुणांची काळजी सोडा, ते पुरतात. खरी अडचण अभ्यासाची आहे. आपल्या परीक्षेत आयआर (इन्फ्रारेड), एनएमआर (चुंबकीय अनुनाद), मास (वस्तुमान) असे तीन-चार वर्णपट, म्हणजे मोजणीचे आलेख, देतात आणि रचना ओळखायला सांगतात. आयआरमध्ये १७१५ प्रति सेंटीमीटरला पट्टा दिसला की कीटोन, १७४० ला दिसला की एस्टर. हा स्पेक्ट्रोस्कोपीचा वापर झाला. तिथले मास्टर्स सुरू होते ते हा पट्टा तिथेच का येतो, इतकाच रुंद का, आणि अमुक कंपन आयआरमध्ये न दिसता रामनमध्येच (विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातच) का दिसते, या प्रश्नांपासून. म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, सिलेक्शन रूल्स (कोणती रेष दिसू शकते याचे नियम), ग्रुप थिअरी (सममितीचे गणित), फूरिये ट्रान्सफॉर्म (संकेतातल्या वारंवारता वेगळ्या करणारे गणित). ऑरगॅनिक घेतलेल्यांचे गणित बारावीनंतर सुटलेले असते आणि पहिले सेमिस्टर तिथेच जड जाते. रोज तासभर मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि कॉम्प्लेक्स नंबर करा. पाण्याच्या रेणूची तीन कंपने कॅरेक्टर टेबलवरून (सममितीच्या कोष्टकावरून) स्वतः काढता आली की पुढचे सोपे जाते.

वाचण्यापेक्षा एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवा. हायड्रोजन क्लोराईड वायूचा आयआर वर्णपट घ्या. रेषांची यादी हिट्रान या डेटाबेसवर नोंदणी केली की फुकट मिळते. मधे २८८६ प्रति सेंटीमीटरच्या आसपास रिकामी जागा दिसेल, तिच्या एका बाजूला आर शाखा (फिरण्याची पातळी एकने वाढते त्या रेषा), दुसऱ्या बाजूला पी (एकने घटते त्या). आता क्लोरीन-३५ च्या रेषा घ्या, कंसातला आकडा खालच्या पातळीचा क्रमांक: आर(०) २९०६.२४, पी(२) २८४३.६२. दोन्हींची वरची पातळी एकच, म्हणून फरक फक्त खालच्या पातळीचा: ६२.६२. त्याला ६ ने भागा (क्रमांक ० आणि २ या पातळ्यांतले अंतर कॉन्स्टंटच्या ६ पट असते), शून्य कंपनपातळीचा रोटेशनल कॉन्स्टंट, म्हणजे फिरण्याच्या पातळ्यांचे अंतर ठरवणारा स्थिरांक, १०.४४ मिळतो. तसेच आर(१) २९२५.९० आणि पी(१) २८६५.१० यांची खालची पातळी एकच. फरक ६०.८०, भागिले ६, म्हणजे पहिल्या कंपनपातळीचा १०.१३. रेणू कंप पावू लागला की बंध सरासरीने लांबतो म्हणून कॉन्स्टंट घटतो. दोन्हींतला फरक ०.३०, त्याचा निम्मा १०.४४ मध्ये मिळवला की समतोल स्थितीचा १०.५९ येतो आणि त्यावरून बंधाची लांबी १.२७५ अँगस्ट्रॉम. चार रेषांवरून एका बंधाची लांबी चौथ्या अंकापर्यंत हाती येते! मला या विषयात याहून सुंदर दुसरे काही वाटत नाही. मुलाखतीत हे कागदावर मांडता आले तर समोरच्याला तुमची तयारी लगेच कळते.

इथेच एक खाच आहे. क्लोरीनच्या दोन आयसोटोपमुळे (३५ आणि ३७ वस्तुमानाच्या अणूंमुळे) प्रत्येक रेष दुहेरी असते, उंचीचे प्रमाण साधारण ३:१, अंतर २ प्रति सेंटीमीटरच्या आसपास. कॉलेजातले एफटीआयआर (सरकत्या आरशाने वर्णपट घेणारे आयआर यंत्र) बहुधा ४ प्रति सेंटीमीटरच्या रिझोल्यूशनवर लावून ठेवलेले असते; त्यावर ही जोडी दिसणारच नाही. ०.५ वर घेतली तर दिसते. यंत्रात दोष नसतो, आरसा पुरेसा लांब सरकलेला नसतो. रिझोल्यूशन म्हणजे काय, हे यातून जितके समजते तितके व्याख्येतून समजत नाही.

प्रयोगशाळेत बसायला मिळते तोवर हात बसवून घ्या. केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटला, म्हणजे आयआरसाठी दाबून केलेल्या चकतीला, १ मिलिग्रॅम नमुन्यास १०० ते २०० मिलिग्रॅम केबीआर पुरते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत केबीआर पाणी धरते. मग ३४०० ला रुंद पट्टा आणि १६३० च्या आसपास छोटा पट्टा येतो आणि मुले तिथे बेधडक ‘ओएच’ लिहितात. केबीआर ११० अंशांवर काही तास सुकवून डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात) ठेवा आणि आधी नुसत्या केबीआरच्या पेलेटचा वर्णपट घ्या. ४००० च्या बाजूला बेसलाइन खाली घसरत असेल तर खलण्यात कसर राहिली आहे: कण जाड राहिले की कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो.

यूव्हीमध्ये (अतिनील वर्णपटात) शोषण १ च्या आत ठेवा. यंत्रात ०.१ टक्का भटका प्रकाश असला तरी खरे शोषण ३ असताना आकडा २.७ दिसतो. आलेख वाकला की मुले बीअरच्या नियमाला (शोषण द्रावणाच्या संहतीच्या प्रमाणात वाढते) दोष देतात, चूक द्रावण पातळ न करण्याची असते.

एनएमआरसाठी नमुने बहुतेक पुण्याला जातात आणि परत येते ती पीडीएफ. तिचा उपयोग फार कमी. पूर्ण फोल्डर मागा, एफआयडीसकट (यंत्राने टिपलेल्या मूळ संकेतासकट). तो फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून फेज आणि बेसलाइन स्वतः दुरुस्त करा, लाइन ब्रॉडनिंग (रेषा मुद्दाम रुंद करणे) ०.३ हर्ट्झ आणि ३ हर्ट्झ देऊन फरक बघा. इंटिग्रेशन अचूक हवे असेल तर दोन पल्समधला वेळ टी-वनच्या (चुंबकीकरण सावरायच्या कालमानाच्या) पाचपट लागतो. तेव्हा चुंबकीकरण ९९.३ टक्के परत आलेले असते. घाईत घेतलेल्या वर्णपटात सावकाश सावरणारे प्रोटॉन कमी भरतात आणि मग रचनेवर नसत्या शंका निघतात.

आता एसओपी, म्हणजे अर्जासोबतचे स्वतःच्या उद्देशाचे निवेदन. ‘लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड’ हे वाक्य काढून टाका. नाशिकला बसून लिहिता येण्यासारखा अस्सल प्रश्न आहे: वाइन. द्राक्षरसात बाहेरून साखर मिसळली आहे का, हे ड्युटेरियम (जड हायड्रोजन) एनएमआरने ओळखायची पद्धत फ्रान्समधल्या नांत विद्यापीठात १९८० च्या दशकात विकसित झाली. इथेनॉलच्या मिथाइल आणि मिथिलीन जागांवर ड्युटेरियम किती, यावरून साखर कोणत्या वनस्पतीची ते कळते. युरोपात भेसळ मुख्यतः बीटच्या साखरेची, आणि बीट व द्राक्ष दोन्ही सी-३ वनस्पती (कार्बन पकडण्याची रीत सारखी), म्हणून तिथे ड्युटेरियमची गरज पडते. आपल्याकडे साखर उसाची, ऊस सी-४, म्हणजे वेगळ्या रीतीचा. त्यामुळे कार्बन-१३ च्या प्रमाणातही ठळक फरक पडतो. मग इथल्या वाइनसाठी कोणते मोजमाप पुरेल, आणि का? असा एक परिच्छेद पानभर आवडीनिवडींपेक्षा वजनदार ठरतो. अर्थात तो स्वतः समजून लिहा. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येईल.

अभ्यासक्रमांमध्ये लील विद्यापीठाच्या पुढाकाराने चालवलेला ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्पेक्ट्रोस्कोपी इन केमिस्ट्री’ हा इरास्मस मुंडस (युरोपीय संघाच्या संयुक्त मास्टर्स योजनेतला) अभ्यासक्रम आधी बघा: दोन वर्षे, १२० ईसीटीएस (युरोपीय क्रेडिट्स), किमान दोन देशांत शिक्षण. इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. अशा अभ्यासक्रमांचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणजे पुढच्या सप्टेंबरला जायचे तर कागद या दिवाळीपर्यंत तयार हवेत. जागा आणि शिष्यवृत्ती त्या वर्षीच्या सूचनेत तपासा.

जर्मनीत अर्ज करताना गुण बव्हेरियन सूत्राने बदलतात: कमाल गुणांतून तुमचे वजा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्णने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. कमाल १०, किमान ४ धरले तर ७.८ चे २.१ होतात. किमान चुकून ५ धरले तर २.३२. अनेक ठिकाणी मर्यादा २.५ असते, तेव्हा काठावरच्यांसाठी हा फरक मोठा आहे. म्हणून विद्यापीठाची श्रेणीपद्धत ट्रान्सक्रिप्टसोबत छापील जोडा. आपली क्रेडिट्स स्वतः गुणून ईसीटीएस लिहू नका. विषयवार अभ्यासक्रम आणि तासिका द्या, हिशेब ते करतात.

ट्रान्सक्रिप्ट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडून घ्यायचे, कॉलेजच्या शिक्क्यावर भागत नाही. जर्मन विद्यार्थी व्हिसाला एपीएस (भारतीय कागदपत्रे तपासणारे जर्मन केंद्र) प्रमाणपत्र लागते, शुल्क १८,००० रुपये. त्याला काही आठवडे जातात, म्हणून ते सर्वांत आधी. शिष्यवृत्ती नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा. मार्कशीट, पासपोर्ट आणि पदवी तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघा. आईचे नाव एका कागदावर असणे आणि दुसऱ्यावर नसणे, एवढ्यावरून महिना जातो.

शिफारसपत्र मोठ्या पदाच्या व्यक्तीपेक्षा ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुम्हाला यंत्रावर काम करताना पाहिले आहे त्यांचे घ्या, संस्थेच्या ईमेलवरून. सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत तुमच्या प्रोजेक्टचे एक पान द्या: कोणता नमुना, कोणते यंत्र, काय चुकले, कसे दुरुस्त केले. प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर तो भौतिक रसायनशास्त्राच्या सरांकडे, मोजमापाचा मागा. एमएस्सीचा हा प्रोजेक्ट अर्जातला सर्वांत जास्त वाचला जाणारा भाग असतो.